गल्लीतील शब्द आणि मुद्रणाची मालकी : मुंबई परिसरातील स्वतंत्र रॅपरच्या वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई व तिच्या उपनगरांतील चाळी, झोपडवस्त्या आणि जुन्या गावठाणांतून एक नवी काव्यगायनपद्धती पुढे आली. तालावर शब्द पेरत जाणारी, गाण्यापेक्षा बोलण्याला जवळची अशी ही पद्धती रॅप या नावाने ओळखली जाते. तिचा उगम अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या उपेक्षित विभागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने तेथील एका निवासी इमारतीत केलेला संगीतकार्यक्रम हा हिप-हॉप संस्कृतीचा आरंभबिंदू मानला जातो. तेथून निघालेला हा प्रवाह चार दशकांनंतर अंधेरी, कुर्ला, धारावी आणि पुढे पुण्याच्या वस्त्यांपर्यंत पोहोचला व तेथील बोलीत बोलू लागला.

या घटनेकडे वृत्तपत्रांनी प्रामुख्याने यशोगाथा म्हणून पाहिले. वस्तीतील एक मुलगा मोठा झाला, एवढाच तिचा आशय उरला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यापलीकडचा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शब्द ज्याचे, त्याच्या हाती त्या शब्दांचे मोल राहिले काय? शतकभर चालत आलेल्या संगीतव्यवसायाच्या व्यवस्थेत या कलावंताने कोणते स्थान मिळवले आणि त्यासाठी काय मोजले? प्रस्तुत निबंधात 'डिव्हाइन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या विवियन फर्नांडिस या रॅपरची वाटचाल केंद्रस्थानी ठेवून आणि तिच्याशी समांतर अशा काही वाटांची तुलना करून या प्रश्नांचा विचार केला आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. माजिवड्यासारख्या ठिकाणी जुने गावठाण, वस्त्या आणि उंच गृहसंकुले एकाच महामार्गाच्या नाक्यावर शेजारी शेजारी नांदतात. असल्याच सीमारेषेवर या काव्याचा जन्म झालेला आहे आणि त्याचे श्रोतेही, पुष्कळदा त्याचे रचनाकारही, आपल्या वर्गांत बसलेले आहेत.

'स्वतंत्र' या संज्ञेचा अर्थ :

संगीतव्यवसायात 'स्वतंत्र कलावंत' ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. ज्याच्यामागे मोठी कंपनी नाही तो स्वतंत्र, असा तिचा रूढ अर्थ आहे. हा अर्थ अपुरा होय. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रित गीतात दोन वेगवेगळ्या मालमत्ता सामावलेल्या असतात. पहिली मालमत्ता मूळ कृतीची, म्हणजे शब्द व संगीतरचना यांची. दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची, ज्याला व्यवसायात 'मास्टर' म्हणतात. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार शब्दांवरील हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो आणि तो मुद्रणाची व्यवस्था व खर्च करणाऱ्या निर्मात्याकडे जातो. म्हणूनच कवी हयात असताना, लोकप्रियही असताना, त्याचा स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो.

यावरून असे म्हणता येईल की, कलावंताच्या स्वातंत्र्याची तपासणी तीन कसोट्यांवर करावी लागते. ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे आहे, भाषेची निवड कोण करतो, आणि गीतामुळे ओढवणारी जोखीम कोणाच्या शिरावर पडते. पुढील विवेचनात या तीनही कसोट्या वापरल्या आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. ग्रामोफोन कंपनीचा प्रतिनिधी फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान आदी कलावंतांची गायने मुद्रित केली. तबकडीचे तंत्र खर्चिक होते. मुद्रणयंत्र, कारखाना व वितरण या तिन्ही गोष्टी कंपनीच्या हाती असल्याने कलावंताला ठरावीक मानधन स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस' या नाममुद्रेने भारतीय बाजारपेठेवर अनेक दशके जवळपास एकाधिकार गाजवला.

बोलपटांच्या आगमनानंतर लोकप्रिय संगीताचे केंद्र चित्रपटाकडे सरकले. चित्रपटाने गीताची चार भागांत विभागणी केली. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा आणि पडद्यावरील ओठ चौथ्याचे. या विभागणीतून कलात्मक वैभव निर्माण झाले हे खरे. तथापि मालकीच्या दृष्टीने यांपैकी कोणीच गीताचा धनी राहिला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात दिलेल्या निर्णयाने, वेगळा करार नसल्यास चित्रपटगीतावरील हक्काचा प्रथम धनी निर्माता ठरतो, ही स्थिती दृढ केली. या निर्णयाचा परिणाम पुढील पस्तीस वर्षे गीतकार व संगीतकार यांनी भोगला.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि तबकडीची मक्तेदारी मोडली. स्वस्त यंत्र व स्वस्त फीत यांमुळे प्रादेशिक व लोकसंगीताला प्रथमच विस्तृत बाजारपेठ मिळाली. टी-सीरिजसारख्या कंपन्या याच काळात उदयास आल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या उत्तर भारतातील कॅसेट संस्कृतीवरील ग्रंथात या विकेंद्रीकरणाचे सविस्तर विवेचन केले आहे. महाराष्ट्रातही भीमगीते, भक्तिगीते, कोळीगीते आणि आगरी-कोळी समाजातील हळदीची गाणी कॅसेटवर आली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोहोचला आणि आनंद व मिलिंद शिंदे या त्यांच्या पुत्रांनी कॅसेटच्या बाजारपेठेत मोठी लोकप्रियता मिळवली. तबकडीच्या काळात ज्या समाजघटकांच्या गीतांना कंपनीचे दार क्वचितच उघडत होते, ते घटक आता ग्राहक व कलावंत या दोन्ही नात्यांनी बाजारात उतरले. परंतु येथेही एकरकमी मानधनाची प्रथा कायम राहिली. तंत्रज्ञान विकेंद्रित झाले, मालकी मात्र विकेंद्रित झाली नाही. रॅपरच्या वाटचालीकडे पाहताना हा पूर्वानुभव ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या क्रमात महत्त्वाचा बदल २०१२ साली झाला. त्या वर्षीच्या प्रताधिकार सुधारणा अधिनियमाने शब्द व संगीत यांच्या रचनाकारांना स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याचा हक्क दिला. हा हक्क वारस किंवा प्रताधिकार संस्था यांच्याखेरीज अन्य कोणाच्या नावे करून देता येणार नाही, असेही बंधन घातले. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी या सुधारणेचा आग्रहाने पुरस्कार केला होता. मुंबईतील रॅपर नेमके या सुधारणेच्या लगतच्या काळात पुढे आले, हा योगायोग असला तरी त्याचे महत्त्व कमी नाही. रॅपमध्ये चाल नाममात्र असते आणि शब्द विपुल असतात. साहजिकच शब्दावरील हक्क ही रॅपरची प्रमुख मालमत्ता ठरते.

डिव्हाइनच्या वाटचालीचे टप्पे :

विवियन फर्नांडिस यांचा जन्म १९९० सालचा. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर परिसरात त्यांचे बालपण गेले व आजीने त्यांचा सांभाळ केला. शाळेत एका सोबत्याच्या अंगावरील सदऱ्यावर अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंट याचे चित्र पाहून त्यांना या संगीताविषयी कुतूहल वाटले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. त्यांच्या वाटचालीचे चार टप्पे स्पष्टपणे दिसून येतात.

पहिला टप्पा समूहाचा होय. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ऑर्कुटसारख्या संकेतस्थळांवर देशभरातील हौशी रॅपर एकमेकांना शब्दांचे आव्हान देत. त्यातूनच मुंबईत प्रत्यक्ष भेटीगाठी, वर्तुळात उभे राहून आळीपाळीने रॅप करण्याच्या बैठकी म्हणजे 'सायफर', आणि 'मुंबईज फायनेस्ट' यांसारखे समूह आकारास आले. डिव्हाइन या समूहात होते. या काळातील रचना प्रामुख्याने इंग्रजीत होत्या. तालासाठी इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या तयार 'बीट'वर शब्द बसवले जात. या पद्धतीत खर्च नव्हता, परंतु ताल परक्याचा असल्याने त्या गीताची विक्रीही करता येत नसे. कलावंत पूर्णपणे मोकळा होता आणि त्याच्या मालकीचे जवळपास काहीच नव्हते, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

दुसरा टप्पा भाषांतराचा नव्हे, तर भाषांतराच्या त्यागाचा आहे. इंग्रजी सोडून डिव्हाइन मुंबईच्या बोलीकडे वळले. २०१३ साली आलेल्या 'ये मेरा बॉम्बे' या रचनेत हा बदल स्पष्ट दिसतो. महानगराचे चकचकीत चित्र बाजूला सारून त्यात श्रमिकांची मुंबई आली. २०१५ च्या एप्रिलमध्ये कुर्ल्याचे रॅपर नेझी यांच्यासह केलेली 'मेरे गली में' ही रचना सोनी म्युझिक इंडिया या बहुराष्ट्रीय कंपनीने प्रसिद्ध केली. या शीर्षकाकडे भाषेच्या अध्यापकांनी लक्ष द्यावे असे आहे. प्रमाण हिंदीत 'गली' स्त्रीलिंगी असल्याने 'मेरी गली' असे व्हावयास हवे होते. मराठी, कोकणी, दख्खनी व गुजराती यांच्या सहवासाने घडलेल्या मुंबईच्या बोलीत लिंगभेदाचा हा नियम शिथिल होतो. ती शिथिलता कंपनीच्या अधिकृत शीर्षकात जशीच्या तशी राहिली. भाषेच्या कसोटीवर पाहता कलावंताने येथे काहीच गमावले नाही. उलट त्याच्या बोलीला मोठे वितरण मिळाले.

मात्र ध्वनिमुद्रणाच्या कसोटीवर चित्र निराळे आहे. मोठ्या कंपनीशी नाते जोडताना कलावंताला मुद्रण, चित्रफीत, प्रसिद्धी व वितरण यांचा खर्च मिळतो आणि त्याच्या मोबदल्यात प्रकाशनाची सूत्रे कंपनीकडे जातात. ही देवघेव एकतर्फी शोषणाची मानणे इतिहासाला धरून होणार नाही. २०१५ साली मोबाइलवरील डेटा महाग होता आणि हिंदी रॅपला चित्रपटाबाहेर श्रोता आहे की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. त्या परिस्थितीत कंपनीने जोखीम पत्करली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर डेटा स्वस्त झाला, वस्तीतील तरुणाच्या हाती असलेला मोबाइल हाच रेडिओ व दूरदर्शन झाला आणि वाटाघाटीचे पारडे हळूहळू कलावंताकडे झुकू लागले.

तिसरा टप्पा चित्रपटाचा. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर दिग्दर्शित 'गली बॉय' हा चित्रपट प्रदर्शित झाला. डिव्हाइन व नेझी यांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेल्या या चित्रपटाच्या संगीतसंचात अठरा रचना होत्या आणि त्यात मुंबईतील अनेक रॅपरांचा सहभाग होता. हा संच झी म्युझिक कंपनीने प्रसिद्ध केला. वर उल्लेखिलेली चित्रपटगीताची विभागणी येथे पुन्हा प्रकट झाली. रॅपमध्ये शब्द रचणारा व उच्चारणारा एकच असतो आणि तीच त्याची प्रामाणिकतेची खूण समजली जाते. 'अपना टाइम आएगा' या रचनेत शब्द डिव्हाइन व अंकुर तिवारी यांचे, संगीत डब शर्मा व डिव्हाइन यांचे आणि आवाज नायक रणवीर सिंग यांचा होता. 'मेरे गली में' ही रचनाही चित्रपटात नायकाच्या आवाजाची भर घालून नव्याने मुद्रित झाली. गल्लीतील शब्द राष्ट्रव्यापी झाले, परंतु ते पोहोचले नटाच्या आवाजातून. चित्रपटसृष्टीने रॅपला सामावून घेतले ते स्वतःच्या जुन्या पद्धतीने.

याच गीताला २०२० साली उत्कृष्ट गीतलेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'केसरी' चित्रपटातील 'तेरी मिट्टी' या गीताचे गीतकार मनोज मुंतशिर यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. हा प्रसंग व्यक्तिगत वादापुरता मर्यादित नाही. बोलीतील तालबद्ध वक्तव्याला 'गीत' म्हणावे की नाही, हा साहित्यशास्त्रीय प्रश्न त्यातून प्रथमच व्यापक चर्चेत आला. मराठीत लावणी, पोवाडा व भीमगीते यांना साहित्याच्या इतिहासात स्थान मिळण्यासाठी जो झगडा करावा लागला, त्याचेच हे नवे रूप म्हणता येईल.

चौथा टप्पा स्वतःच्या संस्थेचा. २०१९ सालीच डिव्हाइन यांनी 'गली गँग एंटरटेनमेंट' ही संस्था उभी केली व तिच्यामार्फत सहप्रवासी रॅपरांनाही पुढे आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकन रॅपर नास याच्याशी निगडित 'मास अपील' या संस्थेची भारतीय शाखा युनिव्हर्सल म्युझिक इंडियाच्या भागीदारीत सुरू झाली आणि तिचे पहिले कलावंत डिव्हाइन ठरले. 'कोहिनूर' (२०१९), 'पुण्य पाप' (२०२०) व 'गुनेहगार' (२०२२) हे त्यांचे संगीतसंच या टप्प्यातील होत. तेव्हा स्वतःची संस्था स्थापन करूनही बहुराष्ट्रीय कंपनीचा संबंध तुटला नाही. फरक पडला तो नात्याच्या स्वरूपात. २०१५ साली कंपनीच्या दारात उभा असलेला कलावंत २०१९ साली स्वतःच्या संस्थेचा धनी म्हणून वाटाघाटीला बसला. स्वातंत्र्य म्हणजे कंपनीचा अभाव नसून कंपनीशी बोलण्याची पत होय, हे या टप्प्याने दाखवून दिले.

समांतर वाटा :

एकाच कलावंताच्या यशावरून नियम काढणे धोक्याचे असते. म्हणून त्याच काळातील अन्य वाटांचा विचार आवश्यक ठरतो.

नेझी म्हणजे नावेद शेख यांनी २०१४ साली 'आफत' ही रचना आयपॅडवर मुद्रित करून तिचे चित्रीकरणही त्याच यंत्रावर केले. मुद्रणगृहाची मक्तेदारी संपल्याचा हा ठळक पुरावा होता. परंतु प्रसिद्धी मिळाल्यानंतर ते काही काळ संगीतापासून दूर राहिले आणि पुढे २०२४ साली 'बिग बॉस ओटीटी' या कार्यक्रमात उपविजेते म्हणून व्यापक प्रेक्षकांसमोर आले. पुण्याचे एमसी स्टॅन यांनी 'तडीपार' (२०२०) व 'इन्सान' (२०२२) या संचांनी तरुणांत मोठा श्रोतृवर्ग मिळवला. तथापि देशभर घरोघरी त्यांचे नाव पोहोचले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस'चे विजेतेपद मिळाल्यानंतर. मुद्रण व वितरण स्वतःच्या हाती आले तरी प्रसिद्धीचे मोठे दरवाजे चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्याच ताब्यात राहिले, असा निष्कर्ष यातून निघतो.

तिसरी वाट 'स्वदेसी' या समूहाची. २०१३ च्या सुमारास एकत्र आलेल्या या समूहात मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांतून रचना होतात. एमसी मवाली व विदर्भातून आलेले १०० आरबीएच हे त्यातील मराठीचा ठसा उमटवणारे रॅपर. समूहाने २०१९ साली आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली. २०२० साली त्यांचा 'चेतावनी' हा संच दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्स या लहान स्वतंत्र संस्थेमार्फत आला. या समूहाने आशयावरील पकड सैल होऊ दिली नाही. त्याची किंमत त्यांना मर्यादित आर्थिक विस्ताराच्या रूपाने द्यावी लागली. समूहातील गुजराती भाषक रॅपर एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार यांचे मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन झाले. 'गली बॉय'च्या संगीतसंचातही त्यांचा आवाज होता.

या सर्व वाटांना आंतरराष्ट्रीय संदर्भ देता येतो. नायजेरियात रॅपचा प्रसार झाला तेव्हा संघटित ध्वनिमुद्रण उद्योग तेथे दुबळा होता. लागोसमधील अलाबा या बाजारपेठेतील व्यापारी अधिकृत व अनधिकृत अशा दोन्ही प्रकारच्या तबकड्यांचे वितरण करीत व कलावंताला प्रसिद्धी मिळे, पैसा मात्र मैफलींतूनच मिळवावा लागे. इड्रिस अब्दुलकरीम यांच्या २००४ सालच्या 'जागा जागा' या देशस्थितीवर टीका करणाऱ्या रचनेच्या नभोवाणी प्रसारणावर अध्यक्ष ओबासांजो यांच्या राजवटीत बंदी आली. पुढील पिढीतील ओलामिडे यांनी प्रामुख्याने योरुबा भाषेत रॅप केले, २०१२ साली 'वायबीएनएल नेशन' ही स्वतःची संस्था स्थापली आणि २०२० साली 'एम्पायर' या अमेरिकन वितरण संस्थेशी भागीदारी केली. मातृभाषेकडे वळणे, स्वतःची संस्था आणि मग परदेशी भागीदार, हा क्रम लागोस व मुंबई येथे सारखाच आढळतो. भिन्न खंडांतील दोन बंदर-महानगरांत असे घडावे, यामागे अनुकरण नसून जागतिक संगीतव्यवसायाची रचना आहे. स्थानिक भाषेतील श्रोतृवर्ग हेच अशा कलावंताचे भांडवल असते आणि तेच घेऊन तो वाटाघाटीला जाऊ शकतो.

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाशी नाते :

'द वारली रिव्होल्ट' या शीर्षकाने जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातील एक प्रकरण पुन्हा जागे केले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव भागातील काही वारली कार्यकर्ते तेथे उपस्थित होते. त्यानंतर मे महिन्यात झरी येथील सभेतून वेठबिगार व लग्नगडी या दास्यप्रथांविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात आदिवासी हुतात्मे झाले. गोदावरीबाईंचा 'जेव्हा माणूस जागा होतो' हा ग्रंथ मराठी वाचकांना सुपरिचित आहे. ज्या भागात हा लढा झाला तो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आरेतील वृक्षतोडीचा प्रश्न २०१९ साली तीव्र झाला तेव्हा या समूहाने शहरातील पाड्यांचे नाते त्या लढ्याशी जोडले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने श्रमिकांच्या प्रश्नांना तालात बसवले होते. रॅप शाहिरीतून जन्मला असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. दोहोंचे मूळ वेगळे आहे. परंतु ज्या श्रोत्यांच्या कानांवर शाहिरीचा संस्कार आहे त्यांना रॅप परका वाटला नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

जोखमीच्या कसोटीचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथील रॅपर राज मुंगासे यांच्या, राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅपच्या चित्रफितीबद्दल अंबरनाथ येथे गुन्हा नोंदवण्यात आला. त्या रचनेची बाजू घ्यावी की घेऊ नये हा येथील प्रश्न नाही. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या गीताबाबत असे घडते तेव्हा तिचा विधी विभाग पुढे येतो आणि आक्षेपार्ह वाटणारा शब्द बहुधा प्रकाशनापूर्वीच गाळला जातो. स्वतंत्र रॅपरचा शब्द गाळणारा कोणी नसतो आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारेही कोणी नसते. शब्दाचे स्वातंत्र्य आणि शब्दाची जोखीम या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात.

आर्थिक व्यवस्थेचे स्वरूप :

कॅसेट युगात तंत्रज्ञान स्वस्त झाले तरी मालकी बदलली नाही, हे वर नमूद केले आहे. अंकीय युगाबाबतही सावधपणे बोलावे लागते. आज कोणताही तरुण वितरक संस्थेला वार्षिक शुल्क किंवा उत्पन्नाचा हिस्सा देऊन आपली रचना जगभरच्या संगीतमंचांवर ठेवू शकतो व ध्वनिमुद्रणाची मालकीही स्वतःकडे राखू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले आणि देशी मंचांशी त्याची स्पर्धा सुरू झाली. परंतु या मंचांवरील उत्पन्न सामान्यतः एकत्रित निधीतून, एकूण श्रवणांतील वाट्याच्या प्रमाणात वाटले जाते. भारतातील बहुसंख्य श्रोते वर्गणी न भरता जाहिरातींसह ऐकत आल्याने दर श्रवणामागील रक्कम अल्प राहते. परिणामी रॅपरच्या उपजीविकेचा मोठा भार मैफली, जाहिराती व नाममुद्रांशी करार यांवर पडतो. मालकी हाती आली तरी तिचे मोल दीर्घकाळाने व मोठ्या संख्येनेच मिळते. नेमक्या याच प्रतीक्षेच्या काळात आगाऊ रकमेच्या मोहाने हक्क लिहून दिले जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. विद्यार्थिदशेतील कलावंताला अलंकार व वृत्ते शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात करारनाम्याचे वाचन कोठेच नाही, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. संगीतव्यवसायाच्या इतिहासात तबकडी, कॅसेट व इंटरनेट या प्रत्येक तंत्राने कलावंताला स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. कॅसेटपर्यंत ते ध्वनिमुद्रणाच्या मालकीपर्यंत पोहोचले नाही. इंटरनेटच्या युगात प्रथमच तशी शक्यता निर्माण झाली आहे.

२. डिव्हाइन यांची वाटचाल ही कंपनीला नकार देण्याची नसून कंपनीशी असलेले नाते बदलण्याची आहे. बोलीभाषेतील श्रोतृवर्ग हे त्यामागील खरे भांडवल होते.

३. चित्रपटाने रॅपला प्रतिष्ठा दिली, परंतु शब्द व आवाज यांची फारकत करून. प्रसिद्धीची साधने आजही मोठ्या माध्यमसंस्थांच्या हाती आहेत.

४. २०१२ च्या कायद्याने शब्दाच्या रचनाकाराला दिलेला स्वामित्वधनाचा हक्क रॅपरच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचा आहे. हा हक्क त्याला माहीत असणे ही त्याच्या स्वातंत्र्याची पूर्वअट होय.

५. 'स्वदेसी' समूह व अंबरनाथ येथील प्रकरण यांवरून दिसते की, आशयाचे स्वातंत्र्य राखणाऱ्याला आर्थिक अथवा कायदेशीर किंमत स्वतःच मोजावी लागते.

वारली उठावातील वा कलापथकांतील कित्येक गीतकारांची नावे आज सांगता येत नाहीत, कारण त्यांचे शब्द मुद्रित झाले नाहीत. कॅसेटवरील कित्येकांचे आवाज उरले, पण ते इतरांच्या मालकीचे. आजच्या पिढीजवळ शब्द, आवाज व मालकी हे तिन्ही एकत्र राखण्याची संधी आहे. ती टिकवण्यासाठी लागणारे कायद्याचे व इतिहासाचे ज्ञान महाविद्यालयाच्या वर्गातून मिळू शकले, तर गल्लीतील शब्दाला ज्ञानव्यवस्थेने दिलेला तो न्याय्य प्रतिसाद ठरेल.